मल्हारीभाऊंची तीन वाजताची बैठक

होळी झाली की दोन-तीन दिवसांत मल्हारीभाऊ आमच्या दारात हजर. निरोप धाडावा लागत नसे. सायकलच्या कॅरिअरला कूलरच्या गवताचं गाठोडं, हँडलला पत्रा कापायची कात्री आणि खांद्यावर तोच विटका रुमाल. खालूनच आवाज द्यायचे, "वैनी, टाकी रिकामी करा जल्दी, म्या वर येऊन राह्यलो!"

त्या हाकेनंच मी निम्मी दमायचे. ऊन अजून यायचं असे, पण पुढचे तीन महिने डोळ्यांपुढे उभे राहत. डोक्यावर तापलेला स्लॅब, आठ-दहा दिवसांनी एकदा येणारं नळाचं पाणी, आणि त्यातून प्यायचं वेगळं, धुण्याचं वेगळं, कूलरचं वेगळं असं काढून ठेवणं. कूलर दिवसाला चार बादल्या पाणी पितो. घरात आणखी एक माणूस जेवायला असावं, तसा त्याचा वाटा काढावा लागतो.

मी परभणीची. बी. ए. झाले आणि त्याच वर्षी लग्न होऊन जालन्याला मस्तगडमध्ये आले. जालना जिल्हा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आमच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या: पुढची बैठकीची, मधली लहान, मागे स्वयंपाकघर. बैठकीच्या खोलीची भिंत पश्चिमेची. संध्याकाळी सात वाजता त्या भिंतीला पाठ लावली तर तव्याला लावल्यासारखी वाटायची.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात यांनी कूलर करून घ्यायचं ठरवलं. हे म्हणजे आमचे यजमान, शाळेत गणित शिकवायचे. कुणीतरी मल्हारी मिस्तरीचं नाव सांगितलं. सकाळी नऊला बोलावलं तर मिस्तरी दारातूनच म्हणाले, "आता न्हाई. तीन वाजता येतो."

तीनला आले. सगळं घर आडवं झालेलं. चपला काढल्या, डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला आणि त्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून डोळे मिटून खाली बसले. टेप काढला नाही, खिडकी मोजली नाही, बोललेही नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझ्या सासूबाई तुळजाबाई, त्या जिभेला फार धार असलेल्या, आतून मला म्हणाल्या, "मिस्तरी आहे का पाहुणा गं हा? चहा टाकू का अंथरूण?"

पंधरा मिनिटांनी मल्हारीभाऊंनी कपाळावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि उठले. "ह्या खिडकीत कूलर लावू नका. वाऱ्याला जायला वाट न्हाई. त्या खिडकीत लावू, आन् सैपाकघराची खिडकी उघडी ठेवायची. बिलकुल लावायची न्हाई. कूलर म्हंजे वारा. त्याला येऊ द्यायचं तसं जाऊ बी द्यावं लागतं."

"पण तुम्ही बसलात कशाला एवढा वेळ?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. ते भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. वडील रायभान मेंढरं वळायचे. वैशाखात दुपारी मेंढरं कुठं बसवायची हे ठरवायला आधी रायभान स्वतः त्या जागी जाऊन बसायचे. अंगावरचा घाम वाळला तर जागा चांगली. नाही वाळला तर झाड कितीही मोठं असो, कळप पुढे. "मुक्या जिवाला इचारता येत न्हाई वैनी. घराला बी येत न्हाई. मंग आपुनच बसून बघायचं, तापलेल्या टायमाला. सकाळच्या पारी कोणतं बी घर चांगलंच वाटतं."

सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि ते निघाले तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या वेळी उशी आणा बरं का घरून."

पुढे सासूबाई वारल्या, पण ही थट्टा मल्हारीभाऊ अजून सांगतात.

मेंढरं विकल्यावर ते जालन्यात आले होते आणि एका शेडमध्ये धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करायला शिकले होते. त्यांच्या हातात पत्रा कापडासारखा वळायचा. एकही कोपरा हाताला लागायचा नाही. उन्हाळ्यात कूलर, बाकीच्या दिवसांत कोठ्या आणि पेट्या. अर्ध्या गावाच्या खिडक्यांत त्यांचे कूलर होते, आणि त्यातल्या प्रत्येक घरात ते एकदा तरी तीन वाजता भिंतीला टेकून बसलेले होते. काहींना त्यांनी कूलर करून द्यायला साफ नकारही दिला. "तुमच्या घराला न्हाई मानवणार," म्हणायचे. पाणी एखाद्याला मानवतं, एखाद्याला नाही, तसंच. नाकारलेली माणसं दुसरीकडून कूलर घ्यायची आणि जुलैत भिंतींना बुरशी आली की मल्हारीभाऊंना शोधत यायची.

अशी वीस वर्षं गेली. दोन हजार सातच्या होळीला ते आले तेव्हा यांनी खालच्या आवाजात मला बजावलं, "या वर्षी गवत बदलायचं नाही. मी एसी घेतोय. सांग त्याला."

"मीच का सांगू?"

"तुझा भाऊ ना तो."

यांनी औरंगाबादला पुतण्याकडे स्प्लिट एसी पाहिला होता. तेव्हापासून जेवतानाही तेच. घरात एक पेटी, बाहेर एक पेटी, मधे तांब्याची नळी, खिडकी अडत नाही, आवाज नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी लागत नाही. "उलट पाणी देतो! पुतण्याकडे रोज बादली भरते. कूलर पाणी पितो, हा पाणी देतो. जालन्याला आणखी काय पाहिजे?"

मी मल्हारीभाऊंना चहा दिला आणि कसंबसं सांगितलं. वाटलं होतं, तोंड उतरेल. ते कपात बघत म्हणाले, "घ्या की. पर घराला इचारलं का?"

"दुकानदार येऊन मोजून गेला," हे आतून म्हणाले. "बैठकीच्या खोलीला दीड टन म्हणाला."

"कव्हा आल्ता मोजायला?"

"सकाळी."

मल्हारीभाऊंनी कप खाली ठेवला आणि निघाले. दुपारी तीनला परत आले. बैठकीच्या खोलीत बसले, मग मधल्या लहान खोलीत बसले, मग गच्चीवर जाऊन स्लॅबला तळहात लावून आले. आमचे हे घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते.

"सर, ह्या मोठ्या खोलीला न्हाई मानवणार," ते म्हणाले. "पश्चिमेची भिंत, वर स्लॅब, आन् दार दिवसभर उघडं. कोण आलं, कोण गेलं. तुमी गार करसाल आन् गल्ली पिऊन घील. मधली खोली चांगली. दोन्ही भिंती सावलीच्या, दार एकच, एक टनात भागल. भाईरची पेटी मागच्या अंगाला टांगा, तिला मोकळी हवा लागती. वायर येगळी वढा मीटरपासून. आन् व्होल्टेज धरायला डबी लावा, न्हाईतर मशीन जाईल."

"मधल्या खोलीत?" यांचा आवाज चढला. "तिथे कोण बघणार?"

"एसी पाव्हण्याला दाखवायला घेऊन राह्यले का झोपायला?"

मला हसू आवरेना. हे रागावून गच्चीवर निघून गेले. गच्चीवर चप्पल न घालता गेल्यामुळे लगेच परतले.

हे आतल्या खोलीत निघून गेले, तरी मल्हारीभाऊ उठले नाहीत. रुमालाची घडी उलगडत, पुन्हा घालत बसले. "वैनी, म्या बी घिऊन राह्यलो एसी," ते म्हणाले.

"तुम्ही?" मी विचारलं.

त्यांच्या मंडळींचं, बायनाबाईंचं, दम्याचं मला माहीत होतं. दोन वर्षांपासून वाढलं होतं. आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की घरातला कूलर बंद करा. ओल, गवतातली धूळ, बुरशी, सगळं छातीत जातंय. आणि उकाड्यातही ठेवू नका, उकाड्यानंही धाप लागते. कोरडी गार हवा पाहिजे. मागच्या मे महिन्यात दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. या मे महिन्यात तसं झालं तर आम्ही जबाबदार नाही, इतक्या शब्दांत डॉक्टर बोलले होते.

"अर्ध्या गावाला गार केलं," मल्हारीभाऊ म्हणाले, "आन् घरची माझ्या कूलरपुढं बसून गुदमरून राह्यली. तिनं सांगितलं बी न्हाई. मला वाईट वाटंल म्हनून तोंडाला पदर लावून बसायची."

मग त्यांनी जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "तुमी एकदा येऊन बसता का आमच्या घरी? तीन वाजता? म्या बसून बघितलं चार येळा. दुसऱ्याच्या घरात बसलो की पंधरा मिंटात कळतं. आपल्या घरात काहीच कळून न्हाई राह्यलं. तिथं बसलं की मला तिचा श्वासच ऐकू येतो."

मी येते म्हणाले. आणि आठ दिवस गेले नाही. खरं कारण सांगायचं तर काहीच नव्हतं. मला थकवा आला होता. पाण्याची पाळी होती, पापड होते, मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं. दुपारी तीनच्या उन्हात रिक्षा करून चंदनझिऱ्याकडे जायचं म्हटलं की पाय उचलत नसत. नवव्या दिवशी गेले.

त्यांची वस्ती कारखान्यांच्या अलीकडे. वरून पत्रे, खाली दगड-मातीच्या भिंती, पुढे एक लिंबाचं झाड. बायनाबाई नेहमी दाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या दिसायच्या, कूलरचं गवत पिंजत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. गवत पिंजणं आता बंद झालं होतं. त्या दिवशी उंबरा रिकामा होता आणि दार लावलेलं होतं. शेजारच्या सगुणाबाई मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आल्या. भर दुपारी दार लावून काय करून राह्यलेत दोघं, बघा बरं. आमाला तर इचारायला बी लाज वाटती."

दार उघडल्यावर कळलं. या आठ दिवसांत मल्हारीभाऊंनी घर एसीसाठी तयार केलं होतं. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती, जिथून चिमण्या येत असत; तिथे सगळीकडे पत्र्याच्या पट्ट्या ठोकून सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती. खिडकीवर बिजागरीचं झाकण. दाराच्या चौकटीला आतून रबराची पट्टी. काम इतकं देखणं की मी बोट फिरवून पाहिलं. वीस वर्षं लोकांच्या खिडक्या उघडायला लावणाऱ्या माणसानं स्वतःचं घर कोठीसारखं बंद केलं होतं. कोठीत धान्याला किडा लागू नये म्हणून जसं झाकण बसवतात, अगदी तसं.

"मुंगी बी जाणार न्हाई," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं तेज होतं. "एकदा मशीन बसली की गार हवा कुठं जाती बघू. आता बसा वैनी. दार लावून घेतो, मंगच अंदाज येईल."

बायनाबाई खाटेवर बसल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. "ताई, एक टन, एक टन करून राह्यलेत. एक टनाची मशीन ह्या मातीच्या भिताडाला टांगली तर आमी रात्रीतून गाडले जाऊ की."

"आगं, ते वजन न्हाई, गारव्याचं माप हाय ते," मल्हारीभाऊ म्हणाले.

"जालन्यात लोखंडाला सोडून दुसऱ्या कशाला टन म्हणतेत ते आजच ऐकलं."

मी हसले, भिंतीला टेकून बसले. मल्हारीभाऊ समोर बसले, रुमाल मांडीवर, डोळे मिटलेले. दार लागलं. लाइट नव्हतीच. त्यांच्या वस्तीत त्या महिन्यात बारा ते साडेचार लोडशेडिंग होतं. पत्रा वर तडतड वाजत होता. अंधारात झाकणाच्या कडेनं एक बारीक उजेडाची रेघ यायची, तेवढीच.

दोन मिनिटांत माझ्या मानेवरून घाम वाहायला लागला. पाठीवरून, कोपरांतून. मी कपाळावरून बोट फिरवलं, ओलं. थोड्या वेळानं पुन्हा फिरवलं, ओलंच. तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं की ज्या वेळेला या बाईला गारव्याची गरज आहे, नेमक्या त्याच वेळेला इथे रोज लाइट नसणार. मशीन भिंतीवर मुकी टांगलेली असणार आणि घर असं बंद. मी हे मनात जुळवत होते, तेवढ्यात खाटेकडे नजर गेली.

बायनाबाईंचे खांदे वर-खाली होत होते. तोंड उघडं, पण आवाज नाही. पदराचा बोळा तोंडाशी धरलेला. नवऱ्याच्या कामाला आपल्या खोकल्यानं नाट लागू नये म्हणून. दुसरा हात दाराच्या दिशेनं थोडा पुढे झालेला, आणि तिथेच थांबलेला.

"मल्हारीभाऊ, दार उघडा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "अजून धा मिंटं व्हायची हायेत वैनी. पंधरा मिंटं बसावं लागतं."

"उघडा म्हणते ना!"

मीच उठले आणि कडी काढून दार ओढलं. रबरानं ते इतकं घट्ट बसलं होतं की उघडेना. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा उजेड आत आला आणि मल्हारीभाऊंनी बायकोकडे पाहिलं. आम्ही दोघांनी धरून तिला लिंबाखाली आणलं. सगुणाबाईंनी धावत बाज आणली, आतून तोंडात मारायचा पंप आणला. तीन वेळा मारल्यावर हळूहळू श्वास खाली बसला. बाहेर ऊन होतं, झळा होत्या, पण वारा होता.

मग मल्हारीभाऊंनी मला विचारलं, "वाळला का, वैनी?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "नाही वाळला," मी म्हणाले. "या घराला नाही मानवणार, मल्हारीभाऊ. दुपारी लाइट नाही. वर पत्रा. आणि त्या दारात बसल्याशिवाय ह्यांना दिवस जात नाही. दार उघडं राहणार, नाहीतर ह्या अशा होणार."

ते उठले. आत जाऊन कात्री घेतली आणि पट्ट्या उपटायला लागले. लांबीचे तुकडे खाली पडत होते. खर्र खर्र आवाज येत होता.

"ऱ्हाऊ द्या वो आता," बायनाबाई बाजेवरून म्हणाल्या. आवाज अजून फाटलेला. "हात कापल. नीट बसवलंय तर नीट काढा."

ते थांबले.

"म्या किती वर्सांपासून म्हनून राह्यले," त्या मला म्हणाल्या, पण ऐकवत होत्या त्यांना. "धावड्याला थोरल्या दिराचं माळवदाचं घर हाय. हातभर रुंद भिती, वर माती. वैशाखात बी गोधडी घ्यावी लागती. होळीला जाते, मिरगाला येते. तर ह्यांचं एकच, माझ्या सीजनला मला सोडून जाती का?"

"आन् तिथं वैनी तुला सुखानं ऱ्हाऊ देती का?" मल्हारीभाऊ दारातून म्हणाले. ही वैनी म्हणजे थोरली जाऊ कांताबाई. दोघींचं कधी पटलं नव्हतं. चुलीवरून वाजलं होतं ते मिटलेलं नव्हतं.

"श्वास घ्यायला जाऊन राह्यले, राज करायला न्हाई."

"म्या जेवू काय?"

"भाकरी येती का?"

"न्हाई."

"मंग शिका. पत्रा वळतो हाताला, पीठ काहून वळणार न्हाई?"

सगुणाबाई हसल्या, मीही हसले. मल्हारीभाऊ हसले नाहीत. ते उंबऱ्यावर बसले, बायनाबाईंच्या जागेवर, आणि रुमालानं मान पुसत राहिले. उन्हाळा हाच त्यांचा हंगाम. चार महिन्यांच्या कामावर वर्ष काढायचं, तेव्हा तेही गावी जाणं शक्य नव्हतं. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि ती दोघं आठ दिवसांच्या वर कधी वेगळी राहिली नव्हती.

"आधी म्या जाऊन बसून येतो," शेवटी ते म्हणाले. "तव्हाचं घर येगळं, आताचं येगळं. बसल्याबिगर पाठवणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते भोकरदनला गेले, तिथून धावड्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी परस्पर आमच्याकडे आले. कपड्यांवर धूळ, डोळे तांबडे. जिन्यातच उभे राहिले.

"बसलो," ते म्हणाले. "वाळला."

पाणी प्यायले आणि निघाले. त्याच दुपारी बायनाबाईंना घेऊन गेले.

आमच्याकडे एसी आला तो मधल्या खोलीतच. बाहेरच्या पेटीसाठी लोखंडी स्टँड मल्हारीभाऊंनी करून दिला. दुकानदाराचा माणूस तो बघून म्हणाला, असे आणखी करून द्याल का, आणि तेव्हापासून ते कूलरबरोबर एसीचे स्टँडही करायला लागले. पहिल्या दिवशी यांनी पाण्याच्या नळीखाली मोठी बादली लावून ठेवली. संध्याकाळपर्यंत तांब्याभर पाणी जमलं. "इथली हवा कोरडी ठक्क हाय सर," मल्हारीभाऊ म्हणाले. "तिच्यात पाणीच न्हाई, तर मशीन देईल कुठून? पावसाळ्यात बघा, बादली भरल." पावसाळ्यात भरलीसुद्धा, पण तेव्हा पाण्याची टंचाई नव्हती. हे अजूनही बादली लावतात. बैठकीच्या खोलीत कूलर राहिलाच. गल्लीतली माणसं तिथेच येतात आणि दार उघडंच असतं.

त्यानंतर दर वर्षी असं ठरून गेलं. होळीची पोळी खाल्ली की मल्हारीभाऊ बायनाबाईंना धावड्याला सोडून येतात, मग आमच्याकडे गवत बदलायला. बायनाबाई दवाखान्यात पुन्हा गेल्या नाहीत. जावेशी बोलणं अजूनही कामापुरतंच आहे, असं त्या सांगतात. मल्हारीभाऊ मात्र होळीनंतर लवकर वाळतात. मृगापर्यंत गालांची हाडं वर येतात.

परवाच्या उन्हाळ्यात ते कूलरची टाकी घासत होते. तीन वाजले. त्यांनी हात पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि त्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून खाली बसले. फोनचा आवाज एवढा मोठा की स्वयंपाकघरात मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"बसली का?"

"बसले."

"वाळला का?"

"वाळला वो. रोज काय इचारता? जेवलाव का?"

"जेवलो की."

"काय जेवलाव?"

ते जरा थांबले. "भाकर. पिठलं."

"जाड झाली आसंल."

"व्हय, जाडच."

मी खिडकीतून खाली पाहिलं. त्यांची सायकल भिंतीला लावलेली होती. हँडलला जेवणाचा डबा, फडक्यात गाठ मारून बांधलेला, सकाळी आला तसाच. मी पिठाचा डबा खाली घेतला आणि गॅसवर तवा ठेवला.